एक वर्ष वाया जाईल का?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की बारावीनंतर जर्मनीला शिकायला जाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. संपादकांनी परवा पत्रांचा गठ्ठाच आणून दिला. पुण्याच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं जर्मन शिकवलं. माझी ओळख तेवढीच. माझी कन्सल्टन्सी नाही आणि कुणाकडून कमिशनही घेत नाही, त्यामुळे मी काही सांगितलं तर कुणाचा तरी धंदा बुडेल, माझा नाही. निम्म्याहून जास्त पत्रांत एक वाक्य कुठे ना कुठे आहेच: ‘वर्ष वाया जाईल.’ म्हणून आजच्या सदराला तेच नाव दिलं.

बाई, माझ्या मुलीला बारावी सायन्सला ८४ टक्के पडले. तिला जर्मनीत मेकॅनिकल करायचं आहे. इथल्या एका कन्सल्टन्सीचं म्हणणं असं, की थेट प्रवेश मिळतो, जर्मन लागत नाही आणि शिक्षण फुकट आहे. पंधरा तारखेच्या आत अडीच लाख भरायला सांगतात, नाहीतर वर्ष वाया जाईल म्हणतात. भरू का? — एक वडील, सांगली

भरू नका. पंधरा तारखेच्या आत तर नाहीच.

त्यांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या घेतल्या तर खोट्या नाहीत, पण त्या एकाच कॉलेजात सापडत नाहीत. शिक्षण फुकट असतं ते बहुतेक सरकारी विद्यापीठांत, आणि तिथे पदवीचे वर्ग जवळजवळ सगळे जर्मनमधून चालतात. ‘जर्मन लागत नाही, थेट या’ असं म्हणतात ती बहुतेक खासगी कॉलेजं, इंग्रजीतून शिकवणारी आणि वर्षाला हजारो युरो फी घेणारी. दोन्हींचा गोडवा एका माहितीपत्रकात घातला की सांगलीतल्या वडिलांना कळणार कसं? माझा एक जुना विद्यार्थी असाच फाइल घेऊन घरी आला होता. त्याला हवं होतं मेकॅनिकल आणि फाइलीत निघालं बिझनेस मॅनेजमेंट. पैसे भरून झाले होते.

आता खरी अडचण. आपली बारावी आणि जर्मनांची शालान्त परीक्षा, ‘आबिटूर’, यांना ते सारखं मानत नाहीत. नुसत्या बारावीवर सरकारी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात बसता येत नाही. त्यासाठी वाटा तीन. पहिली, जेईई ॲडव्हान्स्ड पास असणं. जेईई मेन नव्हे. दुसरी, इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचं एक वर्ष सगळे विषय काढून पास होणं. तिसरी वाट ‘श्टुडिएनकोलेग’ची. हा जर्मनीतला एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग, आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी त्यातला ‘टी-कुर्स’. त्यात गणित, भौतिकशास्त्र आणि भरपूर जर्मन असतं. शेवटी जी परीक्षा असते तिचं नाव ‘फेस्टश्टेलुंग्सप्र्युफुंग’. माझ्या वर्गात हा शब्द एका दमात म्हणणाऱ्याला मी चॉकलेट द्यायचे.

वाट कुठलीही धरा, एपीएसचा दाखला लागतोच. आपली कागदपत्रं खरी आहेत असं सांगणारा हा दाखला दिल्लीहून मिळतो, फी १८,००० रुपये. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना तो सक्तीचा आहे. त्याचा अर्ज मुलगी स्वतः भरू शकते. त्यासाठी कुणाला लाख-दीड लाख द्यायचं कारण नाही.

८४ टक्क्यांचं तिकडे काय होतं तेही सांगते, कारण आकडा बघून तुम्ही घाबराल. जर्मनीत १ हा सर्वांत चांगला गुण आणि ४ म्हणजे जेमतेम पास. त्यांच्या सूत्रात वरचा गुण १००, आपल्या बोर्डाचा पास होण्याचा गुण ३५ आणि तुमच्या लेकीचे ८४ घातले की उत्तर येतं १.७. छान गुण आहे. पेढे वाटा.

माझं मत विचाराल तर तिला इथेच इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घाला. जोडीला जर्मन सुरू करा आणि वर्ष पास झाली की तिकडे अर्ज करा. यात एक खोच आहे, ती लपवत नाही. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि त्यासाठी बऱ्याच विद्यापीठांची शेवटची तारीख १५ जुलै असते. आपल्या विद्यापीठांचे निकाल कधी लागतात हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे प्रत्यक्षात ती दुसऱ्या वर्षात असताना अर्ज करेल असं धरून चाला. तोवर तिचं जर्मनही वर्गात बसण्याजोगं झालेलं असेल, जे येत्या जुलैत काही केल्या होणार नाही.

कन्सल्टन्सीवाल्यांना मात्र एकदा लेखी विचारा: विद्यापीठाचं नाव काय, ते सरकारी आहे का, शिकवणार कुठल्या भाषेत, आणि हातात पडणाऱ्या पदवीचं नेमकं नाव काय. उत्तर आलं तर मला कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

बाई, मी अकरावीत आहे. ‘चार महिन्यांत बी२’ अशी जाहिरात पाहिली. होतं का तसं? आणि जर्मन खूप अवघड असतं का? — अकरावीतली एक, नाशिक

होतं, जर तू चार महिने दुसरं काहीच केलं नाहीस तर. हिशोबच करू. बी२ म्हणजे ए१ ते सी२ या भाषेच्या सहा पातळ्यांतली चौथी. तिथपर्यंत पोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात. चार महिन्यांचे दिवस एकशेवीस. म्हणजे रविवार, दिवाळी, ताप, मावशीचं लग्न काहीही न मानता रोज पाच ते साडेसहा तासिका, आणि वर गृहपाठ. जाहिरातीत हा भागाकार छापत नाहीत.

तुझ्या हातात मात्र दोन वर्षं आहेत, आणि हा तुझा मोठा फायदा आहे. आठवड्याला चार-पाच तास धरून सुरुवात कर, सुट्टीत वेग वाढव. बारावीची परीक्षा होईपर्यंत बी१च्या आसपास आलीस तर मी खूश. पुण्यात असतीस तर रानडे इन्स्टिट्यूट किंवा बोट क्लब रोडचं मॅक्स म्युलर भवन म्हटलं असतं. नाशिकहून ऑनलाइन वर्ग कर, फक्त शिकवणाऱ्याने तुला दर तासाला बोलायला लावलं पाहिजे. बी१पासून पुढे गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे मॅक्स म्युलर भवनच्याच, परीक्षेचे वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं हे चार भाग वेगवेगळे देता येतात, आणि प्रत्येकात ६० गुण लागतात. आपल्या मुलांची गाडी अडते ती ऐकण्यात. ‘दॉइचे वेले’ या जर्मन वाहिनीच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या फुकट मिळतात. भांडी घासताना लावून ठेव.

अवघड आहे का? आता मी जरा फुशारकी मारते. मराठी मुलींना जर्मन सोपं जातं, आणि याला कारण आहे. इंग्रजीत नामांना लिंग नाही, हिंदीत दोन, आपल्याकडे तीन. तो, ती, ते. जर्मनमध्येही तीनच: डेअर, डी, दास. दिल्लीहून आलेली माझी एक सहकारी ‘दास’ का लागतो हे शिकवताना घामाघूम व्हायची. मी सांगायचे, अरे, ‘ते’ आहे ते! अर्थात कुठल्या वस्तूला काय, हे जुळत नाही. चमचा तिकडेही ‘तो’. पण आपला काटा त्यांच्याकडे ‘ती’ होतो आणि आपली सुरी ‘ते’. मुलगी, म्हणजे ‘मेडशेन’, नपुंसकलिंगी आहे हे ऐकून इंग्रजी माध्यमाची मुलं हसतात. मग मी ‘ते पोरगं’ आठवून देते आणि वर्ग गप्प होतो.

आणखी एक. ‘कारण मी आज येत नाही’ या वाक्यात क्रियापद शेवटी येतं ना? ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, म्हटलं की जर्मनही क्रियापद शेवटी ढकलतं. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला ते उलटं वाटतं, तुला वाटणार नाही. आणि कुणाला ‘तू’ म्हणायचं, कुणाला ‘तुम्ही’, हा पेच तर तू रोजच सोडवतेस. तिकडे ‘डू’ आणि ‘झी’. अनोळखी माणसाला आधी ‘झी’च म्हण.

श्टुडिएनकोलेगच्या प्रवेश परीक्षेत बरेचदा ‘सी-टेस्ट’ नावाचा एक प्रकार असतो. उताऱ्यातल्या दर दुसऱ्या शब्दाचा अर्धा भाग खाऊन टाकलेला असतो आणि तो आपण भरायचा. मराठीत केलं तर असं दिसेल: ‘काल सका… मी स्टेश… गेले, प… गाडी दो… तास उशि… आली.’ तुला हे एका नजरेत भरता आलं, कारण ही भाषा तुझ्या कानात आहे. घोकून ते होत नाही. गणिताचा पेपरही असतो, बऱ्याच ठिकाणी कॅल्क्युलेटरशिवाय. तेव्हा आतापासून वर्गमूळ काढताना मोबाइलकडे हात नेऊ नकोस.

आणि श्टुडिएनकोलेगला बी१-बी२ पुरत असलं, तरी जर्मनमधून शिकवणाऱ्या पदवीच्या प्रवेशाला साधारण सी१ची पातळी मागतात. बी२ला पोचलीस की प्रवास संपला असं समजू नकोस.

मुलाला श्टुडिएनकोलेगचा प्रवेश मिळेल असं दिसतंय. बँकेत बारा लाख दाखवावे लागतात म्हणे. आमची हापूसची तीस कलमं आहेत. दीर म्हणतात बाग विकून टाका, मुलगा तिथे काम करून वर्षभरात फेडेल. शिष्यवृत्ती मिळते का? — एक आई, देवरुखजवळून

ताई, आधी बागेचं. विकू नका. कारणं पुढे येतीलच.

बारा लाख म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण ही फी नाही. जर्मनीत ‘श्पेरकोंटो’ नावाचं खातं उघडून त्यात एका वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. युरो शंभर रुपयांना धरला तर बारा लाखांच्या घरात जातं. हे पैसे मुलाचेच, पण गोठवलेले. तिथे पोचल्यावर दर महिन्याला त्यातले ९९२ युरो त्याला मिळतात आणि त्यात त्याने राहायचं-जेवायचं. जुन्या काळी आई दर महिन्याला मनीऑर्डर करायची ना, तसंच, फक्त बाराही मनीऑर्डरी आधीच भरून ठेवायच्या.

९९२ युरोत भागतं का, हे गावावर ठरतं. म्युनिकमध्ये खोलीलाच कंबरडं मोडतं. केमनिट्स, माग्देबुर्ग, इल्मेनाउ अशा पूर्वेकडच्या गावांत विद्यार्थी वसतिगृहाची खोली तीनशेच्या आगेमागे मिळू शकते आणि मग जरा श्वास घेता येतो. आरोग्य विमा सक्तीचा, त्याचे महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातात. घरटी रेडिओ-टीव्हीची वर्गणी १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी! सरकारी विद्यापीठात शिकवणी फी नाही, पण दर सत्राला काही वर्गणी असते, शंभरापासून चारशेपर्यंत. याला अपवाद दोन लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४च्या हिवाळी सत्रापासून नव्याने येणाऱ्यांना फी लावली. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह ही नावं फार मोठी, पण ती त्याच राज्यात आहेत.

आता दिरांच्या गणिताकडे येऊ. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे. २०२६मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. कागदावर हे बरं दिसतं. पण श्टुडिएनकोलेगमध्ये आठवड्याला तीसच्या आसपास तासिका असतात, त्यावर अभ्यास, आणि शेवटी अशी परीक्षा जी फक्त एकदाच पुन्हा देता येते. पहिल्या वर्षी मुलाला कामाला जुंपू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो आपला खर्च बराचसा उचलेल. बारा लाख वर्षभरात फेडेल, असं नाही. आणि श्टुडिएनकोलेग एक वर्ष, पुढे पदवी तीन ते साडेतीन. रखडली तर आणखी, आणि तिकडे रखडणं फार सर्रास आहे. बारा लाख हा पहिल्या वर्षाचा आकडा आहे. पुढच्या वर्षांचं काय, हे घरात आत्ताच बोला.

म्हणूनच बाग विकू नका म्हटलं. कलमं दरवर्षी पैसे देतात आणि तुम्हाला दरवर्षीच लागणार आहेत. शैक्षणिक कर्ज काढा. बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत, घर किंवा मुदतठेव मागतात, तेव्हा त्या तयारीने जा. बँकेच्या कर्जातून पैसे परदेशी पाठवले तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर, कापत नाहीत. स्वतःचे पाठवले आणि वर्षात दहा लाखांच्या वर गेले तर वरच्या रकमेवर कापतात. तो रिटर्न भरताना परत मागता येतो. रत्नागिरीच्या कुठल्याही सीएला हे ठाऊक असतं.

शिष्यवृत्तीबद्दल मन खट्टू होईल असंच सांगावं लागतंय. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि टाटांची जुनी कर्ज-शिष्यवृत्ती, दोन्ही पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी फार थोडं आहे. विद्यापीठात रुजू झाल्यावर ‘डॉइचलांडश्टिपेंडियुम’ला अर्ज करता येतो, महिना ३०० युरो, आणि ती परदेशी मुलांनाही मिळते. पण ती मिळेल असं धरून हिशोब मांडू नका.

माझ्या बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि वडिलांचं नाव शेवटी. पासपोर्टवर वेगळं. शिवाय दहावीच्या सर्टिफिकेटवर माझ्या नावात एक ‘ए’ जास्त आहे. चालेल का? आणि सामानात काय न्यावं? — लातूरचा एक

आडनाव आधी असणं चालतं, आपल्या बोर्डाची ती रीतच आहे आणि आता तिकडच्यांनाही सवय झाली असावी. तू मात्र पासपोर्टावर जसं आहे तसंच प्रत्येक अर्जात लिही, अक्षर न् अक्षर. ‘नाखनामे’ म्हणजे आडनाव, ‘फोरनामे’ म्हणजे नाव. माझ्या एका विद्यार्थ्याने गोंधळात वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात टाकलं. वर्षभर वसतिगृहात सगळे त्याला वडिलांच्या नावाने हाक मारत होते. वडील इकडे खूश.

तो जास्तीचा ‘ए’ मात्र आजच काढायला घे. तुमचं विभागीय मंडळ लातुरातच आहे, हे नशीब समज. अर्ज शाळेमार्फत करावा लागतो आणि शाळेचं जुनं रजिस्टर काढायला लागतं, म्हणजे ज्या कारकुनाला ते कपाट कुठलं हे माहीत आहे तो रजेवर जायच्या आत जा. एपीएसला कागद पाठवल्यावर हे निस्तरत बसणं फार त्रासाचं होतं.

सामान. तूप, पेढे, खवा, चीज, मांसाचे पदार्थ नेऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईला हे तू आधी सांग, नाहीतर ती लाडू तुपातच वळणार आणि विमानतळावर डोळ्यांत पाणी येणार. मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी, चिवडा ने. डाळ-तांदूळ तिकडे आशियाई दुकानात मिळतात, त्यावर वजन घालवू नकोस. कुकर नेणार असशील तर बुडाला इंडक्शन चालेल असाच ने, ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापत नाही. आपल्या दोन बारीक दांड्यांच्या चार्जरचा प्लग तिकडच्या सॉकेटात बसतो, तीन दांड्यांचा बसत नाही.

रविवारी दुकानं बंद असतात. मी १९८६मध्ये ग्योटिंगेनला गेले तेव्हा शनिवारीही दुपारी दोनला शटर खाली यायची. मी पोचले शनिवारी चार वाजता. सोमवार सकाळपर्यंत आईने दिलेला चिवडा आणि नळाचं पाणी. आता शनिवारी दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, पण रविवार तसाच आहे.

पोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, ‘आनमेल्डुंग’. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो, म्हणजे ‘नातेवाइकाकडे राहतोय’ असं तोंडी सांगून भागत नाही. आणि एक बारीक गोष्ट, जी कुठल्याही माहितीपत्रकात नसते: घराच्या पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटव. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, व्हिसाच्या मुदतवाढीची तारीख, सगळं तिथे अजून कागदी पत्राने येतं. पुढे बघू, उद्या लावू, असं केलंस तर महिनाभर तू जर्मनीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसशील.

मुलगी जाताना सतरा वर्षं चार महिन्यांची असेल. काही अडचण? — आजी, म्हापसा

असते. अठराच्या आत व्हिसासाठी दोन्ही पालकांची लेखी संमती लागते. तिथे भाड्याचा करार, बँक, विमा, सगळीकडे ‘पालक कुठे आहेत?’ असा प्रश्न येतो. काही वसतिगृहं घेतच नाहीत. आठ महिने थांबा आजी. तोवर तिचं जर्मन होईल आणि तुमच्या हातचं जेवण. फोनसाठी लक्षात ठेवा: उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात आणि थंडीत साडेचार. तुमची रात्रीची नऊची मालिका संपते तेव्हा तिची संध्याकाळ असते.

बाई, मी परत आलो. बारावीनंतर जर्मन केलं, बी२ झालो, व्हिसा मिळाला, गेलो. दोन ठिकाणच्या श्टुडिएनकोलेगची प्रवेश परीक्षा दिली, दोन्हीकडे नाही झालं. नऊ महिने संपले. आता गावात प्रत्येक जण विचारतो, काय रे, परत? माझी दोन वर्षं वाया गेली. काय सांगू लोकांना? — नाव छापू नका, भोर

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. या सदरात न छापता तुला वेगळं लिहावं असंही वाटलं. पण गठ्ठ्यात आणखी दोन पत्रं याच चालीची आहेत, म्हणून इथेच लिहिते.

आधी कोरडी माहिती, कारण तुझ्या पत्रावरून ती तुला कुणी नीट सांगितलेली दिसत नाही. तू गेलास तो शिकण्याची जागा शोधण्याचा व्हिसा. त्याची मुदत जास्तीत जास्त नऊच महिने असते. त्यात दोन परीक्षा देऊन होतात, तेवढाच वेळ असतो. तू प्रवेश परीक्षेत राहिलास. श्टुडिएनकोलेगच्या शेवटच्या परीक्षेत नापास झालेला नाहीस. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझ्या नावावर तिकडे कुठलाही शेरा नाही. वर सांगलीच्या वडिलांना सांगितलेली दुसरी वाट तुझ्यासाठी पूर्ण उघडी आहे: इथे त्याच शाखेचं एक वर्ष सगळ्या विषयांत पास, आणि मग थेट विद्यापीठाला अर्ज, मध्ये श्टुडिएनकोलेग नाहीच.

एक मात्र स्पष्ट विचारते. दोन्ही ठिकाणी राहिलं ते जर्मनमुळे की गणितामुळे? पत्रात तू बी२चे गुण लिहिलेस, ऐकण्यात ८१, बोलण्यात ७८. हे चांगले आहेत. गणिताबद्दल अवाक्षर नाही. बारावीच्या सीईटीत चार पर्यायांतून उत्तर निवडायची सवय लागते. तिकडे कोरा कागद देतात आणि पायऱ्या मांडायला सांगतात, त्याही जर्मनमधून. माझा संशय तिकडे आहे. ‘बेरेखनेन झी’, ‘बेश्टिमेन झी’, ‘त्सायगेन झी’, काढा, शोधा, सिद्ध करा, या तीन आज्ञांत काय फरक आहे हे तुला कुणी समजावलं होतं का?

लोकांचं म्हणशील तर मी १९८५मध्ये पहिल्यांदा जर्मनची वरची परीक्षा दिली आणि तोंडीत आपटले. परीक्षकांनी ‘तुमच्या शहराबद्दल सांगा’ म्हटलं. मी शनिवारवाडा सुरू केला आणि तिसऱ्या वाक्यात दिल्ली दरवाज्यापाशी अडकले, ते बाहेरच पडले नाही. आमच्या वाड्यात बारा बिऱ्हाडं होती. बाराही बिऱ्हाडांनी विचारलं. आई म्हणायची, तिची एक परीक्षा राहिलीये. बस, एवढंच. ‘नापास’ हा शब्द तिने वापरला नाही आणि खोटंही बोलली नाही. तूही सांग, जर्मन शिकून आलो, आता इथे पहिलं वर्ष करतोय.

आणि ते पहिलं वर्ष याच वर्षी कर. रुसून बसू नकोस. प्रवेशाच्या तारखा बघ. बी२चं जर्मन तसंच ठेवलंस तर सहा महिन्यांत गंजतं, हे मी माझ्या चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांत पाहिलंय. त्यासाठी एक काम आहे. मी दर शनिवारी सकाळी आठवी-नववीच्या चौदा मुलांना घरी जर्मन शिकवते. हल्ली माझा आवाज बसतो आणि मागच्या रांगेतल्या तिघांना आवरणं जमत नाही. भोरहून पहिली एसटी पकडलीस तर नऊपर्यंत पोचशील. एसटीचे पैसे आणि नाश्ता माझ्याकडे, मानधन थोडंसंच देता येईल. तुझा नंबर संपादकांकडे देऊन ठेव. येताना ते दोन्ही गणिताचे पेपर आठवतील तेवढे कागदावर लिहून आण.